नोकरी सोडणाऱ्यांचा ॲक्सेस काढताना: कामाच्या नोंदी

३ मार्च, सोमवार

आजपासून हे काम हातात घेतलंय. कंपनी सोडून गेलेल्यांचे कुठले कुठले ॲक्सेस अजून चालू आहेत ते शोधायचे, बंद करायचे, आणि पुढे कोणी जाईल तेव्हा हे सगळं त्याच्या शेवटच्या दिवशीच उरकेल अशी सोय लावायची. निमित्त असं की बॅकएंडचे आमचे सिनिअर सर महिनाअखेरीस जातायत, आणि निम्म्या सर्व्हरची माहिती फक्त त्यांनाच आहे. ज्यांना हेच काम करायचंय त्यांना उपयोग होईल म्हणून रोजचं लिहून ठेवतेय.

वेळ मागायला गेले तेव्हा सिस्कोचं उदाहरण सांगितलं. २०१८ च्या एप्रिलमध्ये राजीनामा दिलेला त्यांचा एक इंजिनिअर सप्टेंबरमध्ये त्यांच्या क्लाउडमध्ये शिरला आणि वेबेक्स टीम्स या मीटिंग-चॅटच्या ॲपची ४५६ व्हर्च्युअल मशीन उडवून दिली, १६ हजारांवर अकाउंट बंद पडले, काही तर दोन आठवडे. त्यानंतर कोणी 'एवढं कशाला' म्हणून विचारलं नाही.

सुरुवात याद्यांपासून. एचआरकडून गेल्या दोन वर्षांत गेलेल्यांची यादी घेतली आणि गूगल वर्कस्पेसच्या (कंपनीची मेल आणि ड्राइव्ह) चालू यूजरशी जुळवली. यात एक गोष्ट लगेच कळली, एचआरच्या यादीत फक्त पगारी लोक असतात. कॉन्ट्रॅक्टवर आलेले टेस्टर, इंटर्न, एजन्सीकडून आलेली डिझायनर, यातलं कोणीच त्या यादीत नाही, कारण ते कधी 'जॉइन'च झाले नव्हते, त्यामुळे ते 'गेले' हे कळवणारंही कोणी नव्हतं. म्हणून अकाउंट्स विभागाकडून ज्यांना बिलावर पैसे गेले त्यांचीही यादी मागवली. तिच्यामुळेच खरं चित्र दिसलं. तुम्ही करणार असाल तर उलटीकडून सुरू करा, म्हणजे चालू असलेला प्रत्येक अकाउंट घ्यायचा आणि विचारायचं की हा कोणाचा, आज तो माणूस इथे आहे का. गेलेल्यांच्या यादीवरून शोधत बसलात तर यादीत नसलेला माणूस कधीच सापडणार नाही.

४ मार्च

जुने अकाउंट सापडले, आता डिलीट मारायचे की सस्पेंड करायचे यावर चर्चा. पूर्वी इथे सरळ डिलीट करायची पद्धत होती. वर्कस्पेसमध्ये डिलीट केलेला यूजर २० दिवसांच्या आत परत आणता येतो, त्यानंतर नाही, आणि ड्राइव्हमधल्या फायली आधी दुसऱ्याच्या नावावर केल्या नसतील तर त्याही गेल्या. एका जुन्या प्रोजेक्टची मूळ कागदपत्रं अशीच गेलीयत, आज शोधताना कळलं, काही उपाय नाही.

आता क्रम असा ठरवला: आधी सस्पेंड, मग फायली आणि कॅलेंडर मॅनेजरच्या नावावर, मग काही आठवड्यांनी डिलीट. सस्पेंडला दोन अडचणी आहेत. एक म्हणजे लायसन्सचे पैसे चालूच राहतात, त्यामुळे डिलीटची तारीख शीटमध्ये लिहायचीच, नाहीतर ते वर्षभर तसंच पडून राहतं. दुसरी, सस्पेंड झालेल्याला येणारी मेल परत जाते. सेल्समधल्या एकांचं असंच झालं, ग्राहकांच्या मेल परत जात होत्या आणि आम्हाला कळलं तेव्हा ग्राहक वैतागलेला होता. आता सस्पेंड करायच्या आधी रूटिंगमध्ये तो पत्ता त्यांच्या मॅनेजरकडे वळवतो.

६ मार्च

आज सर्व्हर. इथे सगळ्यात जास्त वेळ गेला आणि जाणारच.

लिनक्सवर गेलेल्या माणसाचा यूजर बंद करायला आमच्या जुन्या कागदावर 'यूजरमॉड -एल' एवढंच लिहिलेलं होतं. टेस्ट सर्व्हरवर एक खोटा यूजर बनवला, त्याला एसएसएच की (पासवर्डऐवजी लॉगिनला वापरायची डिजिटल किल्ली) दिली, मग ही कमांड चालवली आणि की वापरून लॉगिन करून बघितलं. झालं लॉगिन! ही कमांड फक्त पासवर्ड बंद करते, कीने आत येणाऱ्याला अडवत नाही. कमांडच्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय की अकाउंट पूर्ण बंद करायचा तर त्याची एक्सपायरी तारीखही १ वर लावा. म्हणजे आतापर्यंत ज्यांना 'बंद केलं' असं आम्ही समजत होतो ते कीने येऊ शकत होते. लॉग तपासले, कोणी आलेलं नाही, पण दार उघडंच होतं.

आता चार गोष्टी एकत्र करतो: पासवर्ड लॉक, एक्सपायरी, ऑथोराइज्ड कीज फाइल (कुठल्या कीने आत येता येतं त्याची यादी) हलवायची, आणि त्या यूजरची चालू सेशन मारायची. शेवटचं विसरू नका, आधीच उघडलेलं सेशन यातल्या कुठल्याच गोष्टीने बंद होत नाही. त्या यूजरचे क्रॉन जॉबही (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) बघायचे.

हे झालं स्वतःच्या नावाच्या यूजरचं. खरी डोकेदुखी म्हणजे नवीन कोड सर्व्हरवर चढवायला सगळ्यांचा मिळून एक 'डिप्लॉय' यूजर आहे आणि त्याच्या फाइलमध्ये कीजची रांग. प्रत्येक कीपुढे नाव असतं पण ते नुसती कॉमेंट आहे, ज्याने बनवली त्याने काहीही लिहिलेलं असू शकतं. काहींवर जुन्या लॅपटॉपचं नाव, काहींवर काहीच नाही. मग उलटं केलं. आज कामावर असलेल्या प्रत्येकाला आपापल्या कीचं फिंगरप्रिंट (कीची ओळख पटवणारा छोटा कोड) पाठवायला सांगितलं आणि ते फाइलमधल्या फिंगरप्रिंटशी जुळवले. जे जुळले ते राहिले. उरलेल्यांसाठी एसएसएचचा लॉग चाळला, कारण लॉगिन कुठल्या कीने झालं त्याचं फिंगरप्रिंट तिथे नोंदलेलं असतं.

एक अनोळखी की रोज रात्री वापरली जात होती. छातीत धस्स झालं. सरांना विचारलं तर म्हणाले, "अहो ती माणसाची नाही, बिल्ड सर्व्हरची आहे, मीच बनवली होती, काढू नका हं." बिल्ड सर्व्हर म्हणजे कोडपासून रिलीज तयार करणारं मशीन, ती की काढली असती तर दुसऱ्या दिवशीचं रिलीज अडलं असतं. म्हणून ठरलं, अनोळखी की लगेच डिलीट नाही करायची, आधी ओळीच्या सुरुवातीला हॅश टाकून बंद करायची, काही दिवस बघायचं, कोणाची ओरड आली नाही तर मग काढायची. पण हे फक्त ज्यांचा मालक माहीत नाही त्यांच्यासाठी. गेलेल्या माणसाची आहे हे नक्की असेल तर त्याच मिनिटाला काढा.

१० मार्च, सोमवार

कोडच्या रेपो, म्हणजे गिटहबवर कोड ठेवलेल्या जागा. गिटहबच्या ऑर्गनायझेशनमधून माणूस काढणं एका क्लिकचं काम, पण त्याच्यासोबत काय जातं आणि काय राहतं हे आधी माहीत हवं.

जातं ते: त्याने आमच्या प्रायव्हेट रेपोचे केलेले फोर्क (स्वतःच्या प्रती). त्यात मूळ रेपोत न ढकललेलं काम असेल तर तेही जातं, म्हणून काढायच्या आधी सगळ्या ब्रांच मूळ रेपोत आल्या का हे त्या माणसासोबत बसून बघायचं.

राहतं ते: त्याने रेपोला लावलेल्या डिप्लॉय की. त्या रेपोच्या असतात, माणसाच्या नाही, त्यामुळे माणूस गेला तरी चालू. आणि त्या कीचा दुसरा भाग कोणाच्या लॅपटॉपवर आहे हे गिटहबला कसं कळणार. आमच्याकडे अशा की निघाल्या, लिहायच्या परवानगीसकट. सगळ्या बदलल्या.

आणि तिसरी गोष्ट थांबते, तीच आम्हाला लागली. वेळापत्रकावर आपोआप चालणाऱ्या वर्कफ्लोमध्ये क्रॉनची ओळ (कधी चालायचं ते सांगणारी) शेवटची ज्याने बदलली तो माणूस ऑर्गनायझेशनमधून निघाला की तो वर्कफ्लो बंद होतो. त्यांच्या डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेलं आहे, पण हे वाचायला जातं कोण. शुक्रवारी एका जुन्या कॉन्ट्रॅक्टरचं नाव काढलं आणि बॅकअप तपासणारा रात्रीचा जॉब बंद झाला. कुठलाही एरर नाही, फक्त सकाळची रिपोर्टची मेल आली नाही, आणि न आलेली मेल कोणाच्या लक्षात येते? आज सोमवारी कळलं. दुसऱ्याने क्रॉनची ओळ बदलून कमिट केल्यावर परत चालू झाला. आता नियम केला की माणूस काढायच्या आधी त्याने हात लावलेले सगळे वेळापत्रकाचे वर्कफ्लो शोधायचे. गूगलच्या ॲप्स स्क्रिप्टचे ट्रिगरही असेच ज्याने बनवले त्याच्या नावाने चालतात, सेल्सची आठवड्याची शीट सरांच्या नावाने भरतेय हे त्यातच सापडलं.

१२ मार्च

एडब्ल्यूएस, म्हणजे ॲमेझॉनचा क्लाउड. कन्सोलचा पासवर्ड काढला म्हणजे माणूस बाहेर, असा समज सगळ्यांचाच. प्रोग्रामने वापरायच्या ॲक्सेस की वेगळ्या असतात, एका यूजरला दोनपर्यंत, आणि पासवर्ड नसला तरी त्या चालतात. क्रेडेन्शियल रिपोर्ट काढला, त्यात प्रत्येक की शेवटची कधी वापरली गेली ते दिसतं. गेलेल्या एका माणसाची की काल वापरलेली! पुन्हा धावपळ, क्लाउडट्रेलमध्ये (एडब्ल्यूएसचा लॉग) कुठल्या आयपीवरून ते बघितलं, तर आमचाच सर्व्हर. त्या माणसाने कधीतरी घाईत स्वतःची की प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये टाकली होती आणि इनव्हॉइसच्या पीडीएफ तीच की वापरून वर चढत होत्या.

अशी की सरळ डिलीट करू नका. आधी सर्व्हरला स्वतःचा रोल (ठरावीक परवानग्या असलेली ओळख) दिला, मग की 'इनॲक्टिव्ह' केली, पीडीएफ चढतायत हे बघितलं, मगच डिलीट. इनॲक्टिव्ह केलेली परत चालू करता येते, डिलीट केलेली नाही.

अजून एक, की बंद केली तरी रोल घेऊन मिळालेले तात्पुरते टोकन (ओळख पटल्यावर मिळणारे पास) त्यांची मुदत संपेपर्यंत चालू राहतात. घाईच्या वेळी रोलवर 'रिव्होक सेशन' करावं लागतं, त्याने अमुक वेळेआधी दिलेले टोकन नाकारले जातात.

सगळ्यात गंभीर सापडलं ते शेवटी. रूट अकाउंटचा (सगळे अधिकार असलेला मुख्य अकाउंट) ईमेल दोन वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाच्या नावाचा, आणि त्याचा एमएफए (पासवर्डनंतर लागणारा दुसरा पुरावा) त्यांच्या फोनवर. तो ईमेल ४ तारखेच्या झाडाझडतीत डिलीट झाला असता तर पासवर्ड रिसेट करायलाही जागा राहिली नसती. वीस दिवसांची सवलत तिथे उपयोगी पडली असती, पण तोवर कळलं असतं तर ना. ते गृहस्थ फार चांगले, फोन केला तर लगेच कोड वाचून दाखवला. रूटचा ईमेल आता कोणा एकाचा नाही, ग्रुपचा आहे, आणि एमएफएसाठी दोन हार्डवेअर की लावल्या (आठपर्यंत लावता येतात), एक तिजोरीत.

१३ मार्च

डेटाबेस, थोडक्यात. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये रोलला, म्हणजे यूजरला, 'नोलॉगिन' केलं की नवीन लॉगिन थांबतं, चालू असलेलं कनेक्शन तसंच राहतं, ते वेगळं मारावं लागतं. रोल ड्रॉप करायला गेलं तर त्याच्या नावावर टेबल असतील तोवर होत नाही, आधी 'रीअसाइन ओन्ड' करून ते दुसऱ्याच्या नावावर करायचे. ही अडचण बरीच, निदान अडवते तरी. मायएसक्यूएलच्या ८.०.२२ आधीच्या आवृत्त्या अडवत नाहीत: यूजर ड्रॉप केला आणि एखाद्या व्ह्यूचा (साठवून ठेवलेली क्वेरी) 'डिफायनर', म्हणजे ज्याच्या अधिकाराने तो चालतो, तोच यूजर असेल तर तो व्ह्यू वापरताना फुटतो, आमचा महिन्याचा रिपोर्ट असाच फुटला. म्हणून तिथे आधी 'अकाउंट लॉक' करायचं, त्याने व्ह्यू चालू राहतात, मग सवकाश डिफायनर बदलायचे.

१७ मार्च

व्हीपीएन, म्हणजे बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये यायची वाट. आमच्या व्हीपीएनच्या बॉक्सवर काही यूजर थेट त्या बॉक्समध्येच बनवलेले निघाले, म्हणजे गूगलचा अकाउंट बंद केला तरी याला पत्ता नाही. काहींवर एमएफएही नाही. २०२१ च्या मे महिन्यात अमेरिकेतली कोलोनियल ही इंधनाची पाइपलाइन बंद पडली ती अशाच वाटेने, वापरात नसलेला व्हीपीएन अकाउंट, पासवर्ड बाहेर फुटलेला आणि एमएफए नाही. हल्लेखोरांना ७५ बिटकॉइन द्यावे लागले. आमचे ते सगळे लोकल यूजर आजच काढले, या एका कामात कोणाशी चर्चा केली नाही.

ऑफिसच्या वायफायला सगळ्यांचा एकच पासवर्ड होता. माणूस गेला की तो बदलायचा, आणि बदलला की प्रिंटरपासून सगळं परत जोडायचं, म्हणून कोणी बदलतच नव्हतं. प्रत्येकाचं वेगळं लॉगिन असलेलं वायफाय लावायला घेतलंय, याच्यासाठी अजून एक आठवडा लागेल.

१९ मार्च

कुठल्याच यादीत नसलेल्या गोष्टी. डोमेन (वेबसाइटचा पत्ता) कोणाच्या नावावर? मार्केटिंगमधून सहा महिन्यांपूर्वी गेलेल्या ताईंच्या वैयक्तिक ईमेलवर. फेसबुक पेजच्या ॲडमिन? त्याच. जाहिरातींच्या अकाउंटला त्यांचंच कार्ड जोडलेलं. ग्राहकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपच्या एकमेव ॲडमिनही त्याच. यात त्यांचा काहीच दोष नाही, कंपनी लहान असताना जे हाताशी होतं ते वापरून त्यांनी सगळं उभं केलं, आणि जाताना त्यांना कोणी विचारलंच नाही.

फोन केला. आधी थोड्या अवघडल्या, कारण त्यांच्या शेवटच्या दिवशी लॅपटॉप घाईघाईने काढून घेतला होता, ते त्यांना लागलं होतं. त्याबद्दल माफी मागितली, ती मागायलाच हवी होती. मग त्या एक तास फोनवर बसल्या आणि एकेक गोष्ट आमच्याकडे ट्रान्सफर केली. मनात आणलं असतं तर नाही म्हणू शकल्या असत्या, आणि मग रजिस्ट्रारकडे (डोमेन नोंदवणारी कंपनी) कागदपत्रं नाचवत बसावं लागलं असतं.

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं म्हणून जरा जास्त लिहिते. कुठे काय जोडलेलं आहे हे जाणाऱ्या माणसाइतकं कोणालाच माहीत नसतं. त्याच्याकडे चोर म्हणून बघायला सुरुवात केली की तो विचारलं तेवढंच सांगतो, आणि आपल्याला तर काय विचारायचं हेही माहीत नसतं. बिल्ड सर्व्हरची की, रूटचा एमएफए, हे डोमेन, तिन्ही ठिकाणी टूलने काही सांगितलं नाही, माणसाने सांगितलं. म्हणून नोटीस पिरियडमध्येच दोनदा सोबत बसायचं आणि 'तुम्ही नसलात तर काय बंद पडेल' हा प्रश्न विचारायचा. तुमच्याकडे काय काय ॲक्सेस आहे असं विचारलं तर लोक चार नावं सांगून थांबतात, या प्रश्नाला मात्र आठवून आठवून सांगतात.

२१ मार्च

ड्राइव्हमधल्या फायली. सस्पेंड केल्याने शेअर केलेलं परत येत नाही. स्वतःच्या खासगी जीमेलला शेअर केलेल्या फायली, 'लिंक असेल तो कोणीही' वाल्या फायली, सगळं तसंच उघडं राहतं. ऑडिट लॉगमधून गेलेल्यांच्या खासगी पत्त्यांवर शेअर असलेल्या फायली काढल्या, त्या प्रत्येक फाइलचं शेअरिंग बंद केलं. बहुतेक घरून काम करायला केलेलं होतं, तारखांवरूनच दिसतं. ग्राहकांच्या नंबरची एक शीट मात्र लिंकवर उघडी होती, तिचं वरिष्ठांना कळवलं. कॅश ॲप या अमेरिकेतल्या पैसे पाठवायच्या ॲपचं २०२१ मधलं प्रकरण याच जातीचं, नोकरी संपलेल्या माणसाने आधी त्याच्या कामाचेच असलेले रिपोर्ट नंतर डाउनलोड केले, आणि कंपनीला सुमारे ८२ लाख आजी-माजी ग्राहकांना कळवावं लागलं.

पासवर्ड मॅनेजरमधल्या सामायिक पासवर्डचंही हेच. माणसाला त्यातून काढलं तरी त्याने बघितलेला पासवर्ड त्याच्या लक्षात किंवा वहीत असू शकतो, तो बदलावाच लागतो. याला कंटाळा येतो हे खरं आहे. सामायिक पासवर्ड जितके कमी तितकं हे काम कमी, म्हणून जिथे वेगळं लॉगिन मिळतं तिथे ते घ्यायला सुरुवात केलीय.

२४ मार्च

फोन. स्वतःच्या फोनवर कंपनीची मेल घेणाऱ्यांचा फक्त कामाचा भाग पुसायचा, पूर्ण फोन नाही. एमडीएमच्या (फोन दूरून सांभाळायचं सॉफ्टवेअर) पॅनलमध्ये दोन्ही बटणं शेजारी शेजारी आहेत, म्हणून पूर्ण पुसायची परवानगी आता फक्त दोघांकडे ठेवली. लोकांचे मुलांचे फोटो असतात त्यात. कंपनीच्या लॅपटॉपची डिस्क एनक्रिप्शनची रिकव्हरी की आपल्याकडे आहे ना हे लॅपटॉप परत घ्यायच्या आधी बघायचं, नंतर नाही.

२६ मार्च

आज एकांना कंपनीने काढलं. कारणाशी मला देणंघेणं नाही. अशा वेळी नोटीस पिरियड नसतो, त्यामुळे सगळं वेळेवर येऊन ठेपतं. एचआरने आदल्या संध्याकाळी फक्त मला आणि माझ्या मॅनेजरला सांगितलं. यादी तयार ठेवली आणि मीटिंग सुरू झाल्याचा मेसेज आला तेव्हा सुरुवात केली. आधी केलं तर त्यांना मीटिंगऐवजी लॉगिनच्या एररवरून कळलं असतं, आणि कोणावरच ती वेळ येऊ नये.

त्यांची टीम मायक्रोसॉफ्ट ३६५ वर आहे. तिथे नुसतं 'साइन-इन ब्लॉक' करून भागत नाही, आधीच दिलेलं ॲक्सेस टोकन साधारण तास-दीड तास चालू राहू शकतं. सेशन रिव्होक करायचं, त्याने रिफ्रेश टोकन (नवीन ॲक्सेस टोकन मिळवून देणारं) बाद होतं. तरी फोनवरची मेल काही मिनिटं दिसत होती, ते अपेक्षित होतं. पर्सनल सामान आणि काही खासगी फायली त्यांना एचआरसमोर काढून दिल्या.

२ एप्रिल

सरांचा शेवटचा दिवस सोमवारी झाला. यादीप्रमाणे सगळं बंद करायला दुपारचा अर्धा वेळ लागला, पूर्वी हे महिनाभर निघत राहायचं. सकाळी त्यांनी स्वतःच आणखी दोन गोष्टी आठवून सांगितल्या, एसएसएल सर्टिफिकेटच्या मुदतीच्या मेल त्यांना यायच्या त्या आणि पेमेंट गेटवेच्या टेस्ट अकाउंटचा फोन नंबर. कालपासून आत्तापर्यंत काही बंद पडलेलं नाही.

शीटमध्ये आता प्रत्येक ओळीला हे रकाने आहेत: काय बंद करायचं, कोण करणार, बंद केल्यावर तपासलं कसं, आणि काय मोडू शकतं. 'तपासलं कसं' हा रकाना ६ मार्चमुळे आला, त्याच्याशिवाय टिक मारायची नाही.

राहिलेलं: वायफाय अजून पूर्ण झालेलं नाही. आमच्या स्वतःच्या ॲडमिन पॅनलचं लॉगिन टोकन आठवडाभर चालतं आणि सर्व्हरकडून ते रद्द करता येत नाही, टीमने मुदत एका तासावर आणायचं कबूल केलंय, पुढच्या रिलीजमध्ये. कॉन्ट्रॅक्टवाल्यांचे अकाउंट आता शेवटची तारीख टाकल्याशिवाय बनत नाहीत, वाढवायची असेल तर मॅनेजरने मेल करायची. तिमाहीची पहिली फेरतपासणी जुलैच्या पहिल्या आठवड्यात, तेव्हा परत अकाउंट्स विभागाची यादी घेऊन बसायचं.